पावणेदोन लाख किलोमीटर धावलेली कॅमरी हायब्रिड घ्यावी का? (पुणे)

वारजेकर | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे घरात दुसरा विषय नाही, म्हणून इथे विचारतोय.

राहायला वारज्यात, ऑफिस हिंजवडी फेज २ ला. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. महिन्यातून दोनदा साताऱ्याला आई-बाबांकडे. सगळं मिळून महिन्याचं रनिंग साधारण हजार किलोमीटर. बाबांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सध्याच्या छोट्या गाडीतून त्यांना पुण्याला आणायचं म्हणजे शिरवळ येईपर्यंत दोनदा थांबून पाय मोकळे करावे लागतात. मागे ऐसपैस बसता येईल अशी ऑटोमॅटिक गाडी हवी आहे. बजेट दहा लाख, ओढूनताणून साडेदहा.

दोन गाड्या समोर आहेत. दोन्ही टोयोटा कॅमरी हायब्रिड (पेट्रोल इंजिन, सोबत विजेची मोटर आणि तिची मोठी बॅटरी), दोन्ही २०१६ च्या, दोन्ही पहिल्या मालकाच्या, दोन्ही एमएच-१२.

पहिली १,७४,००० किमी धावलेली. एका कंपनीच्या नावावर आहे, साहेब आठवड्यातून दोन-तीनदा मुंबईला जायचे. सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण. सांगतायत ८.६० लाख.

दुसरी फक्त ६१,००० किमी. औंधमधल्या एका सोसायटीत उभी असते. मालक वयस्कर आहेत, मुलं परदेशात. सांगतायत १०.२५ लाख.

घरातल्या सगळ्यांचं मत दुसरीच्या बाजूने आहे. माझंही तेच होत आलंय. पण दोन्हीकडे बॅटरीचं भय आहेच. ज्यांनी हायब्रिड वापरली आहे किंवा जे या धंद्यात आहेत, त्यांनी कृपया सांगावं.

नानापेठकर | शनिवार, रात्री १०.०५

पार्टच्या धंद्यात वीस वर्षं झाली. एक गोष्ट आधी सांगतो. ६१ हजार किमी ऐकून लगेच हुरळून जाऊ नका. दहा वर्षांत ६१ हजार म्हणजे वर्षाला सहा. ही गाडी चालली कमी, उभी जास्त राहिली. उभ्या गाडीचे टायर कडक होतात, रबरं सुकतात, ब्रेक धरतात, वायरिंगला उंदीर लागतात. औंध-बाणेरच्या बेसमेंटमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी मी किती पाहिल्यात याची गणती नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१९ असेल तर २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. दोन्ही गाड्यांचे आकडे बघा. मीटर खोटं बोलेल, टायर बोलत नाही. ६१ हजाराच्या गाडीला चौथा टायरसेट असेल तर तिथूनच परत फिरा.

पहिल्या गाडीचं सर्व्हिस रेकॉर्ड मालकाकडून कागदावर घेऊन थांबू नका. त्याच कागदाची खात्री गाडी नंबर सांगून सर्व्हिस सेंटरमध्ये करा.

मृण्मयी_कोथरूड | शनिवार, रात्री ११.२०

आमच्याकडे हीच गाडी सहा वर्षं होती, म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या सीटपाशी एक जाळी असते, तिथून गाडीच्या आतली हवा ओढून पंखा बॅटरी थंड ठेवतो. आमचा कुत्रा मागे बसायचा. त्याचे केस आणि पुण्याची धूळ मिळून तो पंखा पार गच्च भरला होता. आम्हाला काहीच कल्पना नव्हती. उन्हाळ्यात मागून घोंघों आवाज यायला लागला, तो आम्ही एसीचा समजलो. बॅटरी तेव्हा तापून हैराण होत होती. पंखा उघडून साफ केल्यावर आवाज गेला, पण वर्षभराचा ताप तिने सोसलाच. घेण्याआधी तो पंखा उघडून बघायला सांगा. खर्च जवळजवळ काही नाही.

दुसरं म्हणजे एसी. या गाडीचा एसी कॉम्प्रेसर इंजिनच्या बेल्टवर चालत नाही, तो थेट मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. त्याला पीओई जातीचं तेल लागतं. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजने गॅस भरताना साध्या गाड्यांचं पीएजी तेल घातलं. आतलं इन्सुलेशन गेलं, विजेच्या गळतीची चूक दाखवून गाडी चालूच होईना, आणि कॉम्प्रेसर नवा घ्यावा लागला. एसीचं काम बाहेर कुठे झालंय का, हे मालकाला नक्की विचारा.

बाकी गाडी सोन्यासारखी होती. साडेसहा वाजता नळ स्टॉपला अडकल्यावर इंजिन बंद, एसी चालू, आवाज शून्य. विकताना मला रडू आलं होतं.

निवृत्त_अभियंता | रविवार, सकाळी ७.४५

वारजेकर, बॅटरीचं भय तिची रचना समजली की बरंच कमी होतं, आणि जे उरतं ते योग्य जागी उरतं.

बॅटरी म्हटलं की आपल्याला मोबाईल आठवतो. मोबाईल आपण शंभर टक्क्यांवरून पाचावर आणतो. गाडीतला संगणक या बॅटरीला असं कधीच वागवत नाही. साधारण ४० ते ८० टक्के या पट्ट्यातच तो तिला भरतो आणि रिकामी करतो. म्हणून ती लाख-दीड लाख किलोमीटर सहज काढते.

या पिढीच्या कॅमरीत निकेल-मेटल हायड्राइडची ३४ मॉड्यूल एकापाठोपाठ एक जोडलेली आहेत. प्रत्येक ७.२ व्होल्टचं, एकूण सुमारे २४५ व्होल्ट. संगणक त्यांच्याकडे जोडीजोडीने पाहतो, म्हणजे १७ जोड्या. एकापाठोपाठ जोडणी असल्यामुळे एक जोडी लंगडी पडली की सगळी पंगत अडते. पी०ए८० हा बॅटरी बिघाडाचा कोड येतो तो बहुधा यामुळे, सगळी बॅटरी मेली म्हणून नव्हे.

आता मुद्दा. ही बॅटरी किलोमीटरने तितकी झिजत नाही, जितकी वयाने, उष्णतेने आणि पडून राहण्याने झिजते. या जातीची बॅटरी नुसती उभी असली तरी आपोआप उतरत जाते, आणि सगळ्या जोड्या सारख्या वेगाने उतरत नाहीत. रोज चालणाऱ्या गाडीत संगणक त्यांना पुन्हापुन्हा भरत राहतो. महिनोन्महिने उभ्या गाडीत हे होत नाही, आणि त्यांच्यातली दरी वाढत जाते. द्रुतगती मार्गावर नियमित गेलेल्या गाडीची बॅटरी औंधच्या गाडीपेक्षा ठणठणीत निघाली तर मला नवल वाटणार नाही.

बाकी यंत्रणेबद्दल. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, पट्ट्यावरचा सीव्हीटी (विनापायरी गिअरबॉक्स) नाही. इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका ग्रहमालेसारख्या गिअरसंचाने जोडलेले आहेत. झिजून निकामी होणाऱ्या कित्येक गोष्टी मुळात नाहीतच. शिवाय मीटरवर १,७४,००० दिसत असले तरी उतारावर आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद असतं, तेव्हा इंजिन तेवढं फिरलेलं नाही.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ९.३०

काकांचा प्रतिसाद अप्रतिम. मी फक्त पैशांचं बोलतो.

पेट्रोल सोयीसाठी १०५ रुपये धरू. कंपनीने या गाडीला लिटरला १९.१६ किमी सांगितलं होतं. पुण्यात आणि घाटात मिळून १५ धरा. याच आकाराची साधी पेट्रोल ऑटोमॅटिक १० देईल. महिन्याला हजार किमीला हायब्रिडला ६७ लिटर, साधीला १००. फरक ३३ लिटर, म्हणजे साडेतीन हजार रुपये. वर्षाचे ४२ हजार.

आता बॅटरीसाठी तीन लाख बाजूला काढले असं धरा. (खरा आकडा सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, मी फक्त गणितासाठी धरतोय.) ते पेट्रोलच्या बचतीतून वसूल व्हायला सात वर्षं लागतील. म्हणजे पेट्रोल वाचेल म्हणून ही गाडी घेत असाल तर घेऊ नका. बाबांसाठी, शांत प्रवासासाठी घेत असाल तर गोष्ट वेगळी.

पण मग किमतीकडे नीट बघा. दोन गाड्यांत फरक १.६५ लाखांचा आहे. ८.६० ची घेतली तर बजेटपैकी जवळपास दोन लाख हातात राहतात. १०.२५ ची घेतली तर बॅटरी गेल्यावर तुमच्याकडे काहीच नसेल. माझ्या मते जुनी हायब्रिड घेणाऱ्याने बॅटरीचे पैसे गाडीच्या किमतीतच मोजायला हवेत.

अभिषेक_पिंपळे | रविवार, सकाळी १०.१०

दहा लाखांत सरळ इलेक्ट्रिक का नाही घेत? कटकट नाही.

वारजेकर | रविवार, सकाळी १०.४०

अभिषेक, सोसायटीत चार्जिंगचा ठराव दोन सभांपासून लटकलाय आणि साताऱ्याचं घर जुन्या पेठेत आहे, गाडी बोळाबाहेर लागते. दोन्हीकडे सोय झाली की पुढची गाडी तीच.

मृण्मयीताई, काका, हिशेबनीस, खूप आभार. मी दोन्ही गाड्यांची तपासणी ठरवतो. काका, त्या १७ जोड्यांचे आकडे मला बघता येतील का?

निवृत्त_अभियंता | रविवार, सकाळी ११.१५

येतील. ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायचं छोटं ब्लूटूथ उपकरण आणि हायब्रिडसाठीचं अ‍ॅप, एवढंच लागतं. जाण्याआधी मालकाला सांगा की गाडी आदल्या रात्रीपासून चालू करू नका. इंजिन गार असतानाच खडखड ऐकू येते.

मग चांदणी चौकाकडे चढावर जोर देऊन चालवा आणि त्याच वेळी शेजारच्याला सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जोडी टिपायला सांगा. फरक ०.२-०.३ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. एक व्होल्टच्या पुढे गेला तर ती जोडी जायला आली आहे. उतारावर परत येताना चार्जचा पट्टा बघा. दोन मिनिटांत भरून वाहिला आणि पुढच्या चढाला दोन मिनिटांत रिता झाला, तर बॅटरीची साठवणच कमी झाली आहे.

नानापेठकर | रविवार, दुपारी १२.३०

काकांच्या यादीत दोन गोष्टी घाला. बॉनेट उघडून, गाडी रेडीवर (निघायच्या तयारीत, पण उभी) ठेवून इन्व्हर्टरच्या, म्हणजे बॅटरीची वीज मोटरजोगी करणाऱ्या डब्याच्या, वेगळ्या कूलंट टाकीत बघा. पाणी हलताना दिसलं पाहिजे. स्थिर असेल तर छोटा पंप गेलाय, आणि इन्व्हर्टर तापून गेला तर बॅटरीपेक्षा मोठं दुखणं. आणि ब्रेक न दाबता शांत उभं राहून ऐका. ब्रेकचा पंप दर काही सेकंदांनी घुर्र घुर्र करत असेल तर त्या ब्रेकच्या युनिटला हात घालावा लागणार. ते महागडं काम आहे.

ब्रेक ब्लॉक मात्र या गाड्यांना टिकतात. वेग कमी करायचं काम निम्म्याहून जास्त मोटरच करते.

एकतानगरी_सिंहगडरोड | रविवार, दुपारी ३.००

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आमच्या भागात पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. माझ्या शेजाऱ्यांची गाडी त्यात होती. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून बाजारात आल्या असतील. साध्या गाडीत पाणी गेलं तर नुकसान, पण हायब्रिडमध्ये मागच्या सीटमागे बॅटरी आणि जास्त व्होल्टच्या केशरी वायरी आहेत. तिथे चिखल गेला असेल तर जिवाशी खेळ आहे.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या भागावर मातीची रेघ राहते, ती कोणी धूत नाही. स्टेपनीचा खड्डा बघा, सीटच्या रुळांवर गंज बघा. पुढच्या-मागच्या पायपुसण्याखालचा गालिचा उचलून वास घ्या. विम्याचा जुना क्लेम काय आहे तेही विचारा.

कागदोपत्री | रविवार, रात्री ८.२०

पहिली गाडी कंपनीच्या नावावर आहे, म्हणून: कंपनीचं अधिकारपत्र आणि सही-शिक्का हवा. कंपनीला जीएसटी नोंदणी असेल तर २५ जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीच्या विक्रीवर मार्जिनपुरता (विक्रीतल्या नफ्यापुरता) १८ टक्के जीएसटी आहे. ८.६० लाखांत तो धरलाय का, ते आत्ताच विचारून घ्या. औंधच्या गाडीला, व्यक्ती थेट व्यक्तीला विकत असल्यामुळे, तो प्रश्न नाही.

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र. ई-चलन बाकी आहे का ते आधी बघा, मुंबई मार्गावरच्या गाडीला वेगाची चलनं असतातच. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबर प्लेट बसलेली हवी. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१६ ची गाडी म्हणजे २०३१ मध्ये पुन्हा संगम पुलाजवळच्या आरटीओत खेटे.

संथगती | रविवार, रात्री ९.०५

ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? ही गाडी त्यासाठी बनलेली नाही ना?

निवृत्त_अभियंता | सोमवार, सकाळी ७.३०

बरोबर, ती त्याच्या आधीची आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के फरक पडतो. इंधनाच्या नळ्या आणि रबरी सील दरवर्षी बघून घ्यावेत. दोन्ही गाड्यांना हे सारखंच लागू आहे. उभ्या राहणाऱ्या गाडीला थोडं जास्त, कारण टाकीतलं जुनं पेट्रोल ओलावा धरतं.

गौरी_फिजिओ | सोमवार, दुपारी २.१५

मला गाड्यांतलं कळत नाही, गुडघ्यांमधलं कळतं. ऐसपैस मागची सीट चांगलीच, पण सेडान बुटकी असते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्रास होतो तो खोल बसल्यावर उठताना. बाबांना तपासणीला सोबत न्या आणि चार वेळा बसवून उठवून बघा. सीटवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवता येते, पण डोकं छताला लागत नाही ना, तेही बघावं लागेल. हा निर्णय बॅटरीच्या आधीचा आहे.

वारजेकर | सोमवार, दुपारी २.५०

गौरीताई, हे खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. बाबांना शुक्रवारी घेऊन येतो.

वारजेकर | रविवार, रात्री ८.००

दोन्ही गाड्या बघून झाल्या. सोबत कोथरूडचे एक अनुभवी मेकॅनिक होते, आणि बाबा.

आधी औंध. रंग असा की हात लावावासा वाटेना, मालक काकांनी कव्हर घालून ठेवली होती. पण छोटी बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली, जंप देऊन चालू केली. काका स्वतःच म्हणाले, गेल्या दोन वर्षांत महिन्यातून एकदा पार्किंगमध्ये दहा मिनिटं चालू करून ठेवायचो, बाहेर क्वचित. टायर २०१६ चेच, भेगा पडलेले. विद्यापीठ चौकाकडे निघालो. पाच मिनिटांत मागचा पंखा जोरात फिरायला लागला. चार्जचा पट्टा वर-खाली, वर-खाली. जोर दिल्यावर अ‍ॅपवर बारावी जोडी १३.४ आणि सर्वांत वरची १४.६. फरक १.२ व्होल्ट. मेकॅनिक काही बोलले नाहीत, फक्त फोन माझ्यासमोर धरला.

काकांना खोटं काही सांगायचं नव्हतं. त्यांनाच ठाऊक नव्हतं. मी त्यांना आकडे दाखवले आणि सांगितलं की गाडी विकायच्या आधी बॅटरीची तपासणी करून घ्या. त्यांनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

मग कंपनीची गाडी, बाणेरला. बोनेटवर खड्यांचे पांढरे ठिपके, ड्रायव्हरच्या सीटचं लेदर घासलेलं, मागच्या बंपरला ओरखडा. बाबा म्हणाले, ही दमलेली दिसते. रेडीवर इन्व्हर्टरच्या टाकीत पाणी छान हलत होतं. ब्रेकचा पंप शांत. थंड इंजिनला आवाज नाही. चांदणी चौकाच्या चढावर पूर्ण जोर दिला तेव्हा वरची जोडी १४.८१, खालची १४.६२. फरक ०.१९. मी दोनदा परत चढवली, तेवढाच. पंखा उघडला, थोडी धूळ होती. सीटबेल्ट ओढले, स्वच्छ. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी दर दहा हजारांनी मीटरशी जुळतात. एसीचं काम कधीच बाहेर झालेलं नाही.

बाबांचं: बसायला अडचण नाही, उठताना पहिल्या वेळी हात द्यावा लागला. चार इंची घट्ट उशी ठेवली आणि दाराच्या वरची मूठ धरली, तेव्हा स्वतः उठले. छताला डोकं लागत नाही. मग मागे पाय पसरून इतके निवांत बसले की आम्ही गप्पा मारत असताना त्यांचा डोळा लागला.

जीएसटी ८.६० मध्ये धरलेला आहे, कंपनीने लेखी दिलं. चार चलनं होती, ती त्यांनी भरली. टायरच्या नावाने घासाघीस करून ८.३५ ला ठरलं. टोकन दिलं.

मृण्मयी_कोथरूड | रविवार, रात्री ८.३०

मनापासून अभिनंदन! मागच्या जाळीवर सामान, पिशव्या, उशा ठेवू नका. बाबांची ती उशीही जाळीपासून लांब असू द्या.

नानापेठकर | रविवार, रात्री ९.१०

योग्य गाडी घेतलीत. आता पहिलं काम गिअरबॉक्सचं तेल. बदलायची गरज नाही असं कोणी म्हटलं तरी पावणेदोन लाखांवर बदलाच, आणि टोयोटाचं डब्ल्यूएस तेलच घाला. सोबत इन्व्हर्टरचं कूलंट. पंखा पूर्ण काढून साफ करा.

हिशेबनीस | रविवार, रात्री ९.४०

साडेदहातून ८.३५ गेले, २.१५ उरले. टायर आणि नानापेठकरांनी सांगितलेली कामं वगळून जे राहील त्याची आजच वेगळी मुदत ठेव करा. शिवाय पेट्रोलमध्ये वाचणारे महिना साडेतीन हजार त्यातच टाकत जा.

वारजेकर | रविवार, रात्री १०.१५

ठेवीचं उद्याच करतो. तेल आणि कूलंटसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे. पुढच्या शनिवारी साताऱ्याला.

निवृत्त_अभियंता | सोमवार, सकाळी ७.२०

सतराही जोड्यांचे आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा, चांदणी चौकाच्या त्याच चढावर, त्याच वेगाला. दर सहा महिन्यांनी पुन्हा. पुढचे आकडे इथेच टाका, मी बघत राहीन.